मांगलीची कवटी



निवृत्त झालेल्या शाळामास्तराला दोन सवयी सुटता सुटत नाहीत. सकाळी साडेदहाच्या सुमारास पाय आपोआप दाराकडे वळतात, ही एक. आणि आपण जन्मभर मुलांना जे शिकविले ते खरे होते की नव्हते, हे रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तपासून पाहावेसे वाटते, ही दुसरी. पहिलीने प्रकृतीला बरे वाटते. दुसरीने मात्र झोप उडते. आजचे हे भाषण त्या दुसऱ्या सवयीतून निघालेले आहे.

मी मॅट्रिक झालेला आणि नागपुरातील शाळांतून तीसेक वर्षे शास्त्र विषय शिकविलेला मास्तर आहे. प्राणिशास्त्राचा पंडित नव्हे. उत्क्रांतीचा पाठ आला म्हणजे मी फळ्यावर माणसाच्या गर्भाचे चित्र काढीत असे आणि मोठ्या ऐटीने सांगत असे, “मुलांनो, गळ्यापाशी या घड्या दिसतात ना, हे माशाचे कल्ले! माणूस आईच्या पोटात आधी मासा होतो, मग बेडकासारखा होतो, मग सरड्यासारखा, आणि शेवटी माणूस. पूर्वजांची सारी वंशावळ तो नऊ महिन्यांत पुन्हा जगून घेतो.” मुलांना हे फार आवडे. खरे म्हणजे मलाच ते फार आवडे. पुढे निवृत्तीनंतर वाचनालयात बसून सावकाश वाचू लागलो, तेव्हा कळून आले की हा नियम माझ्या जन्मापूर्वीच शास्त्रज्ञांनी मोडीत काढला होता. त्या जागी त्यांनी जे बसविले, ते मात्र माझ्या वर्गापर्यंत कधी पोहोचलेच नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. एका पावसाळ्यात वर्गातील मुलांनी शेतातल्या डबक्यातून बेडकाची पिल्ले, म्हणजे ज्यांना आपण बेडूकमासे म्हणतो ती, काचेच्या बरणीत भरून आणली. महिना-दीड महिन्यात एकेकाला पाय फुटले, शेपट्या आटल्या आणि बेडक्या उड्या मारून निघून गेल्या. एक बेडूकमासा तेवढा राहिला. त्याला पाय फुटेनात. तो नुसता पोहे, खाई आणि वाढे. दिवाळीची सुटी जवळ आली तेव्हा ज्या मुलाकडे बरणीची व्यवस्था होती तो मला विचारू लागला, “सर, हा नापास झाला का?” मी हसून म्हणालो, “झाला. दे टाकून.” सारा वर्ग हसला. तो मुलगा हसला नाही, एवढे मला आठवते.

ज्या प्रश्नाला मी असे हसून उत्तर दिले, त्याचा इतिहास आपल्या नागपूरच्या परिसरातच सुरू झालेला आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तो इतिहास आज सांगावयाचा आहे.

सन १८४५ च्या आरंभी स्टीफन हिस्लॉप नावाचा एक तरुण स्कॉटिश पाद्री नागपुरास आला. त्याचे नाव आपल्या हिस्लॉप कॉलेजामुळे घरोघर माहीत आहे. ते कॉलेज मात्र त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १८८३ साली निघाले. हिस्लॉप आला तेव्हा येथे भोसल्यांचे राज्य होते. त्याला दोन नाद होते. एक, गोंड आदी लोकांच्या भाषा आणि चालीरीती टिपून ठेवण्याचा. आणि दुसरा, दगडांचा. त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर हाही तसाच. दोघे फिरावयास निघत तेव्हा त्यांचे लक्ष पायाखाली असे. १८५१ साली टाकळीच्या माळावर त्यांना गोड्या पाण्यातील शंख-शिंपल्यांचे अश्मीभूत अवशेष सापडले आणि तेथून त्यांचा शोध वाढत गेला. सीताबर्डीच्या टेकडीवर आपण लहानपणी किल्ला पाहावयास गेलो असू. या दोघांनी तेथे खडकांचे थर पाहिले आणि काळ्या बेसॉल्टच्या दगडाखाली जुन्या तळ्याचा गाळ दबलेला आहे, हे दाखवून दिले. इकडे १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले, राज्य खालसा झाले, शहरात केवढी उलथापालथ झाली. आणि त्याच सुमारास हे दोघे नागपूरच्या भूगर्भाविषयीचा आपला निबंध लंडनच्या भूशास्त्रमंडळाकडे रवाना करीत होते. तो १८५५ साली छापला गेला.

नागपूरच्या दक्षिणेस सुमारे साठ मैलांवर, आज चंद्रपूर जिल्ह्यात मोडणारे मांगली नावाचे गाव आहे. तेथील तांबड्या वालुकाश्मात हिस्लॉपला एका प्राण्याची कवटी मिळाली. वीतभराहून लहान, चपटी, पुढून बोथट आणि मागे पसरत गेलेली. ती त्याने लंडनला पाठविली. तेथे ती सर रिचर्ड ओवेन यांच्या हाती पडली. ‘डायनोसॉर’ हा शब्द ज्यांनी १८४२ साली घडविला तेच हे ओवेन. त्यांनी १८५५ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि नाव ठेवले ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’. ग्रीक-लॅटिनचा हा भारदस्त पोशाख उतरविला तर आत आपले साधे मराठी नाव निघते: आखूडतोंड्या, रुंदडोक्या! बेडूक, सॅलमॅंडर यांच्या दूरच्या, पुरातन आप्तांपैकी हा प्राणी. ज्यांच्या दातांच्या आत चक्रव्यूहासारख्या घड्या असतात, त्या लॅबिरिंथोडॉन्ट गणातला. मांगलीच्या खडकाचे वय आज सुमारे पंचवीस कोटी वर्षे मानले जाते. ही कवटी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. आपल्या अजब बंगल्यात नाही. याचे मला पूर्वी वाईट वाटे. आता तितके वाटत नाही, कारण निदान ती तेथे पाहिली तरी गेली.

ओवेन यांनी तिचे माप घेतले, वर्णन केले, नाव दिले. परंतु तोंड इतके आखूड का, डोळ्यांच्या खोबणी इतक्या पुढे का, हा प्रश्न तेव्हा विचारता येण्यासारखाच नव्हता. डार्विनचा ग्रंथ निघावयास अजून चार वर्षे होती. कुलूप हाती आले होते. किल्ली यावयाची होती.

ती किल्ली कोठून आली, तर मेक्सिकोमधून. मेक्सिको शहराजवळच्या सरोवरांत अ‍ॅक्झोलॉटल नावाचा एक जलचर राहतो. वीतभर लांब, चार पायांचा, आणि मानेच्या दोन्ही बाजूंस पिसाऱ्यासारखे बाहेर आलेले कल्ले असलेला. तेथील लोक तो शेकडो वर्षे खात आले होते. युरोपातील पंडितांपुढे मात्र तो कोडे होऊन बसला होता, कारण असे बाहेर आलेले कल्ले सॅलमॅंडरच्या पिल्लांना असतात, मोठ्यांना नसतात; आणि हा तर कल्ल्यांसकट अंडी घालतो! कूव्हिएसारख्या थोर शास्त्रज्ञाने हे कोणाचे तरी पिल्लू असावे असा तर्क केला होता. पण ते पिल्लू कोणाचे, हे कोणालाच दाखविता आले नव्हते.

१८६३ साली फ्रेंच मोहिमेबरोबर काही अ‍ॅक्झोलॉटल मेक्सिकोहून फ्रान्सकडे रवाना झाले आणि त्यांपैकी सहा १८६४ च्या आरंभी पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात ऑगस्त द्युमेरिल यांच्या हौदात आले. १८६५ साली त्यांनी अंडी घातली, पिल्ले निघाली, ती आईबापांसारखीच कल्लेवाली होऊन वाढली. येथवर सारे यथास्थित होते. त्या वर्षाच्या उत्तरार्धात मात्र एक अजब प्रकार घडला. त्या पिल्लांपैकी काहींचे कल्ले आटू लागले, शेपटीवरची झालर नाहीशी झाली, कातडीवर पिवळसर ठिपके उमटले आणि जमिनीवर चालणारे सॅलमॅंडर हौदाबाहेर आले. आईबाप हौदात पोहत आहेत, ते अजून ‘पिल्लू’च आहेत, आणि लेकरे मात्र ‘मोठी’ होऊन त्यांच्या पुढे गेली आहेत! द्युमेरिल यांना हे कोडे काही उलगडले नाही. परंतु एक गोष्ट सर्वांना डोळ्यांनी दिसली. शरीर बाल्यावस्थेत थांबूनही प्राणी प्रजा उत्पन्न करू शकतो. शरीराची वाढ आणि प्रजननाची वाढ या एकाच दोरीने बांधलेल्या नाहीत.

आपल्याकडे हुरडा भाजून खातात ना, ते येथे आठवावे. ज्वारीचे कणीस कोवळे आहे, दाणा दुधाळ आहे, अजून पिकावयाचा आहे. अशा हुरड्याच्या अवस्थेतच त्या दाण्याला पेरणीचे सामर्थ्य आले आणि त्यातून पुढच्या वर्षी पुन्हा हुरडाच उगवला, तर पक्की ज्वारी लोकांना कधी दिसलीच नसती, आणि हुरडा हेच त्या धान्याचे कायमचे रूप ठरले असते. अ‍ॅक्झोलॉटलचे असेच झाले. बाझेलचे शास्त्रज्ञ युलियस कोलमन यांनी १८८५ साली या प्रकाराला ‘निओटेनी’ असे नाव दिले. आपण त्यास बाल्यधारणा म्हणू.

हे अ‍ॅक्झोलॉटल मेक्सिकोहून निघाले ते १८६३ साल आपल्या हिस्लॉपचे अखेरचे साल. टाकळघाटच्या जवळ मोठमोठ्या शिळांची वर्तुळे आहेत. ती उकरून पाहण्यासाठी तो सर रिचर्ड टेंपल यांच्यासह गेला होता. ४ सप्टेंबरच्या सायंकाळी तेथून बोरीकडे परत येताना पावसाने फुगलेला ओढा ओलांडीत असता तो बुडून मरण पावला. वय अवघे ४५. त्याने गोळा केलेले गोंडादिकांविषयीचे कागद पुढे टेंपल यांनी १८६६ साली छापले. मांगलीची कवटी ज्याने हातात घेतली, त्याला तिच्या आखूड तोंडाचा अर्थ ऐकण्याचा योग आला नाही.

आता जरा जर्मनीकडे वळले पाहिजे, कारण माझ्या फळ्यावरचे चित्र तिकडून आलेले होते. १८२८ साली फॉन बेअर या गर्भशास्त्रज्ञाने फार सावधपणे एक गोष्ट सांगून ठेवली होती. निरनिराळ्या प्राण्यांचे गर्भ सुरुवातीला एकमेकांसारखे दिसतात आणि पुढे वेगळे होत जातात; उच्च प्राण्याचा गर्भ हा खालच्या प्राण्याच्या गर्भासारखा दिसतो, खालच्या प्रौढ प्राण्यासारखा नव्हे. त्याने लिहिले आहे की दोन गर्भ मद्यार्कात घालून ठेवताना चिठ्ठी लावावयाची राहिली, आणि आता ते सरड्याचे, पक्ष्याचे की सस्तन प्राण्याचे हे मला सांगता येत नाही. एवढ्या मोठ्या माणसाने अशी कबुली द्यावी, हे मला फार आवडले.

पुढे एर्न्स्ट हेकेल आला. हा वक्तृत्वाचा माणूस. १८६६ साली त्याने ठोकून सांगितले, की प्राण्याची वाढ म्हणजे त्याच्या वंशाच्या इतिहासाचे धावते पुनरावर्तन होय. म्हणजे प्रौढ पूर्वजांची रूपे एकामागून एक गर्भात येऊन जातात. त्याने काढलेली गर्भांची चित्रे जगभर गेली. त्यांत साम्य दिसावे म्हणून फरक पुसट केले आहेत, असा आक्षेप विल्हेल्म हिस या गर्भशास्त्रज्ञाने १८७४ सालीच घेतला होता. १९९७ साली मायकेल रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्या गर्भांची छायाचित्रे शेजारी मांडून तो पुन्हा दाखवून दिला. गर्भ एकमेकांसारखे नसतातच असे नव्हे. हेकेलने दाखविले तितके ते सारखे नसतात, एवढेच. माणसाच्या गर्भाच्या गळ्यापाशी घड्या असतात हे खरे. माशाच्या गर्भालाही तशाच असतात. माशात त्यांचे कल्ले होतात. आपल्यात त्यांपासून जबडा, कानातील बारीक हाडे, कंठ यांचे भाग बनतात. आपण पोटात मासा कधीच नव्हतो. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी ऐकत असेल, तर त्याने एवढी दुरुस्ती वहीत करून घ्यावी.

हेकेलच्या नियमात न बसणारी उदाहरणे त्याला स्वतःलाही ठाऊक होती. एखादा अवयव पूर्वजांच्या क्रमापेक्षा लवकर उगवतो, एखादा उशिरा. या अडचणीच्या उदाहरणांसाठी त्याने एक शब्द घडविला, ‘हेटेरोक्रोनी’, म्हणजे कालभेद. अपवादांची अडगळ ठेवावयाची एक खोली म्हणावी, तसा तो शब्द. गंमत अशी की घर पडले आणि अडगळीची खोली तेवढी उभी राहिली. १९२२ साली इंग्लंडातील वॉल्टर गार्स्टांग यांनी हेकेलचे वाक्य उलटे करून मांडले: वाढ ही वंशाच्या इतिहासाची नक्कल करीत नाही, वाढीत बदल होतो म्हणूनच वंशाचा इतिहास घडतो. पुढे गॅव्हिन द बिअर यांनी १९३० साली यावर एक छोटेखानी पुस्तक लिहून वाढीच्या वेळा कोणकोणत्या रीतींनी मागेपुढे होतात याची नीट मांडणी केली. १९३२ साली जे. बी. एस. हॉल्डेन यांनी त्याला आनुवंशिकतेची जोड दिली: जनुक आपले काम वाढीच्या कोणत्या वेळी करतो हे बदलले, तर नवे जनुक न येताही प्राण्याचे रूप बदलू शकते. हे हॉल्डेन पुढे १९५७ साली हिंदुस्थानात येऊन स्थायिक झाले, येथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरास वारले, म्हणून त्यांना आपले म्हणावयास हरकत नाही.

शाळेच्या वेळापत्रकात विषय तेच ठेवून नुसते तास मागेपुढे केले, एखादा लवकर सुरू केला, एखादा लांबविला, एखादा अर्ध्यावर बंद केला, तर वर्षअखेरीस मुलगा निराळाच तयार होतो. शरीराचेही तसेच आहे. अवयव केव्हा सुरू व्हावयाचा, किती वेगाने वाढावयाचा आणि केव्हा थांबावयाचा, या तीन ठिकाणी हात लावला की घाट बदलतो.

आता मांगलीच्या कवटीकडे परत येऊ. १९१९ साली डी. एम. एस. वॉटसन यांनी लॅबिरिंथोडॉन्ट प्राण्यांच्या कवट्या काळाच्या क्रमाने लावून दाखविल्या. अलीकडे यावे तसतशी डोकी चपटी होत गेलेली, हाडांऐवजी कूर्चा अधिक राहिलेली, आणि जमिनीवर चालणाऱ्यांचे वंशज पुन्हा पाण्यात जाऊन राहिलेले. दरम्यान रशियात उत्तर द्वीना नदीच्या काठी अमालित्स्की यांनी केलेल्या उत्खननातून ‘द्वीनोसॉरस’ नावाचा असाच एक प्राणी बाहेर आला होता. पूर्ण वाढलेला, परंतु कल्ल्यांना आधार देणारी हाडे तशीच कायम असलेला. १९३८ साली बिस्त्रोव यांनी तो पुरातन काळचा अ‍ॅक्झोलॉटलच होय, असे सप्रमाण मांडले. या गणातील प्राण्यांची लहान-मोठी पिल्लेही अश्मीभूत रूपात निरनिराळ्या ठिकाणी सापडली आहेत. ती ओळीने मांडली म्हणजे दिसते की पिल्लाचे तोंड आखूड, डोके रुंद, डोळे पुढे आणि मोठे असतात. वाढेल तसे तोंड लांबत जाते आणि डोळे मागे राहतात.

आखूड तोंड, रुंद डोके, पुढे आलेले डोळे: हे वर्णन पूर्वी कोणाचे केले ते श्रोत्यांच्या ध्यानात आले असेल. मांगलीचा प्राणी आणि त्याचे भाऊबंद यांच्या मोठेपणीच्या कवटीवर पिल्लाचा चेहरा राहिलेला आहे. पाण्यातील कंपने ओळखण्यासाठी माशांना अंगावर जशी संवेदनांची रेघ असते, तिच्या खाचाही या कुळाच्या कवट्यांवर मोठेपणी टिकून आहेत. अर्थात नुसते तोंड आखूड दिसले की बाल्यधारणा, असे म्हणून चालत नाही. रुंद, आखूड तोंड झटकन उघडले तर पाण्याबरोबर भक्ष्य आत ओढले जाते. हा उघड फायदा आहे, आणि फायद्यासाठीही असा घाट टिकतो. परंतु तो घाट नव्याने घडवावा लागला नाही. तो बालपणात तयारच होता. पुढे लांबण्याचे तेवढे थांबले.

आणि असे थांबून या घराण्याचे काही बिघडले का? रिचर्ड लिडेकर यांनी १८८५ साली या कुळाला मांगलीच्या प्राण्यावरूनच नाव दिले. त्या कुळाचे आणि त्याच्या जवळच्या शाखांचे अवशेष आज ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, चीन, मंगोलिया येथून मिळाले आहेत. लॅबिरिंथोडॉन्टांची बहुतेक घराणी सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीपर्यंत संपली; या घराण्याची मात्र एक शाखा डायनोसॉरांच्या सोबतीने पुढे टिकून राहिली. ऑस्ट्रेलियात सापडलेला, १९९७ साली वर्णिलेला ‘कूलासुकस’ हा त्या शाखेतला. तो सुमारे बारा कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला, आणि सर्व लॅबिरिंथोडॉन्टांत तो शेवटचा समजला जातो. लेसोथोमधील एका तुकड्यावरून तेथील प्राणी सात मीटर लांब असावा, असा अंदाज आहे. पिल्लाचा चेहरा राहिला म्हणजे शरीर लहानच राहिले पाहिजे असे नाही. ही दोन घड्याळे निराळी आहेत.

घड्याळाची किल्ली कोण फिरवितो, हे विसाव्या शतकाच्या आरंभी उलगडू लागले. १९१२ साली गुडरनाच यांनी बेडूकमाशांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खावयास घातली; त्या इवल्याशा जिवांना अवेळी पाय फुटून माशीएवढ्या बेडक्या तयार झाल्या. काही वर्षांनी बेनेट अ‍ॅलन यांनी उलट केले. बेडूकमाशांची ती ग्रंथीच काढून टाकली, तेव्हा ते रूपांतर न होता नुसते वाढतच राहिले. १९२० साली ज्युलियन हक्सले यांनी अ‍ॅक्झोलॉटलला बैलाची थायरॉइड खाऊ घालून त्याचा काही आठवड्यांत सॅलमॅंडर करून दाखविला. म्हणजे प्रौढ रूपाचा आराखडा त्या अ‍ॅक्झोलॉटलच्या शरीरात शाबूत होता. घंटा तेवढी वाजत नव्हती. ही बातमी वाचली तेव्हा मला बरणीतला तो बेडूकमासा आठवला. आयोडीन कमी पडले, थंडी पडली, अन्न निकस मिळाले, तरी ती घंटा लांबते. नापास होण्याचा तेथे काही संबंधच नव्हता.

याच्या अगदी उलट टोक पाहावयाचे असेल तर पावसाळ्यात सह्याद्रीवर जावे. तेथे झुडपांवर राहणारे, अंगठ्याच्या पेराएवढे बेडूक आहेत. त्यांच्या गटाला २०१० साली ‘राओर्केस्टेस’ हे नाव बंगळूरचे जुने प्राणिशास्त्रज्ञ नारायण राव यांच्या स्मरणार्थ देण्यात आले. या बेडकांची पिल्ले पाण्यात पोहतच नाहीत. ओलसर पाल्यापाचोळ्यात किंवा पानांवर घातलेल्या अंड्यातच पाय लवकर फुटतात, बेडूकमाशाचे पाण्यातले आयुष्य गाळले जाते आणि अंड्यातून थेट चिमुकला बेडूक बाहेर उडी मारतो. मांगलीच्या प्राण्याने बालपण आयुष्यभर पुरविले. याने ते जवळजवळ सगळेच कापून टाकले. डबकी शोधण्याची यातायात टळली, पाण्यातल्या शत्रूंची भीती टळली, आणि डोंगरमाथ्यावरचे दाट, चिंब रान राहावयास मोकळे झाले. या दोहोंच्या मध्ये उभा राहणाराही एक आहे. माथेरानवरून ज्याचे प्रथम वर्णन झाले तो लीथचा बेडूक. त्याचे पिल्लू ओल्या कातळावर चिकटून राहते, लांब शेपटी असतानाच त्याचे मागचे पाय लवकर वाढतात, आणि हात लावावयास जावे तो ते टुणकन उडी मारून दूर जाते. शेपटीने पोहावयाच्या वयात ते पायांनी उड्या मारते.

एकाच शरीरातील निरनिराळ्या अवयवांचीही घड्याळे कशी वेगळी चालतात, हे चिंचेच्या झाडाला लोंबकळणाऱ्या वटवाघळांत दिसते. वटवाघळांच्या गर्भवाढीचा अभ्यास ज्या थोड्या ठिकाणी चिकाटीने झाला, त्यांत आपले नागपूर आहे. येथील प्रा. एम. ए. मोघे यांचा मोठ्या फलाहारी वटवाघळाच्या गर्भविकासावरील निबंध १९५१ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय मंडळाने छापला, आणि प्रा. ए. गोपालकृष्ण व त्यांचे शिष्य यांनी ते काम पुढे पुष्कळ वर्षे चालविले. त्यांचे लक्ष मुख्यतः गर्भाशय, वार आणि विणीचे हंगाम यांवर होते. आपल्या विषयापुरते पाहावयाचे तर वटवाघळाचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे पाय आणि अंगठे जवळजवळ मोठ्यांएवढे झालेले असतात, कारण आईला घट्ट धरून राहावयाचे असते. पंख मात्र आखूडच असतात. गर्भात पंखाची बोटे आरंभी उंदराच्या गर्भाच्या बोटांसारखीच असतात आणि नंतर ती झपाट्याने लांबतात, हे २००६ साली दाखविण्यात आले. पाय लवकर आणि पंख उशिरा, अशी ही वाटणी आहे.

आणि माणूस? १९२६ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या लुई बोल्क यांनी असे मांडले की माणूस म्हणजे बालपणात थांबलेला वानर होय. वानराच्या पिल्लाचे कपाळ उंच, चेहरा सपाट, जबडा लहान असतो. मोठेपणी जबडा पुढे येतो, भुवयांची हाडे उठतात. माणसात हे पुढचे काम मंदावले. स्टीफन जे गूल्ड यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात या विचाराची पुन्हा बारकाईने छाननी केली. बोल्क यांचे म्हणणे जसेच्या तसे कोणी मानत नाही. आपले पाय काही वानराच्या पिल्लासारखे आखूड नाहीत, उलट ते अधिक वाढले आहेत. पण चेहऱ्याचे आणि मेंदूचे घड्याळ सावकाश चालते, हे खरे. जन्मतः माणसाच्या मुलाचा मेंदू प्रौढाच्या सुमारे तीस टक्के असतो, चिंपांझीच्या पिल्लाचा सुमारे चाळीस टक्के. आणि जन्मानंतर साधारण वर्षभर आपला मेंदू पोटातल्या वेगानेच वाढत राहतो. मूल इतके दिवस परावलंबी का, याची तक्रार प्रत्येक आईबाप करतात. शाळा नावाची संस्था निघाली ती याच लांबलेल्या बालपणात. माझा तर सारा चरितार्थच त्यावर चालला.

त्या बरणीतल्या बेडूकमाशाचे पुढे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. मुलाने तो टाकून दिला नव्हता. घरी नेऊन परसातल्या एका जुन्या मडक्यात ठेवला होता, आणि उकडलेला पालक घालून सारी थंडी जगविला. महाशिवरात्रीच्या सुमारास, उन्हे तापू लागल्यावर, त्याला मागचे पाय फुटले. मुलगा शाळेच्या दारात धावत येऊन मला सांगू लागला, “सर, या ना पाहायला, जवळच आहे घर.” मी चाचणी परीक्षेचे पेपर काखेत घेऊन उभा होतो. उद्या येतो, म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुसरे काम निघाले. पाहावयास मी गेलो नाही.